नवी आवृत्ती

लंडनच्या पेकम भागातल्या पुस्तकवाल्या बाईंनी एफुआच्या हातातलं झिजलेलं पुस्तक उलटून पाहिलं. "हे जुनं झालं. नागरिकत्वाची परीक्षा मार्चपासून बदललीय. तुझी बहीण नवं पुस्तक तेव्हाच घेऊन गेली, 'धाकटीसाठी' म्हणून." मार्चनंतर एफुआ तीनदा नापास झाली होती. रोज संध्याकाळी केळी तळता तळता ती उत्तरं म्हणायची आणि अद्वोआताई त्याच जुन्या पुस्तकातून प्रश्न विचारायची. नवं पुस्तक तिला ताईच्या कपाटात चादरींखाली सापडलं. कामावरून आलेल्या ताईपुढे तिनं ते ठेवलं. ताईनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "पास झालीस की वेगळी राहशील. माझ्या पोरांकडे कोण बघणार?" "पोरांसाठी मी थांबलेही असते, ताई," बॅग भरता भरता एफुआ म्हणाली. "पण दर वेळी मला कुशीत घेऊन तू म्हणायचीस, 'तुझं डोकंच चालत नाही.' ते मी खरं मानलं."