शेवटची आठ पानं

कडूबाईने पंचविसावी विडी वळली आणि विजयमालाच्या सुपात टाकली. टाकली कसली, फेकलीच. पोरीचं लक्षही नव्हतं. ती तोंडासमोर पुस्तक धरून बंगल्यातला खून वाचत होती आणि भिंगारच्या त्या विडी कारखान्यातल्या चाळीस बाया आपापल्या सुपावर मान घालून ऐकत होत्या.

वाचणारीचे दोन्ही हात पुस्तकात अडकलेले. मग तिच्या वाटच्या विड्या वळणार कोण? म्हणून बायांत सगळ्यात थोरल्या साळूबाईने नेम घालून दिला होता, की प्रत्येकीने रोज पंचवीस विड्या पोरीच्या सुपात टाकायच्या. हा नेम कडूबाईला भारी झोंबायचा. गेली दहा वर्षं तिने याच बायांना पिक्चरच्या गोष्टी सांगितल्या होत्या. भुतांच्या, दरोड्यांच्या, खुनांच्या. शुक्रवारी नगरच्या थेटरात पिक्चर बदलला की शनिवारी बाया आधी तिला विचारत आणि मगच पदराची गाठ सोडत. ती म्हणाली "बघाच", की रविवारी अर्धा कारखाना थेटरात. ती म्हणाली "काय दम न्हाई", की कोणी तिकडे फिरकत नसे. आणि सांगताना तिचे हात कधी थांबले नव्हते, म्हणून तिच्या सुपात कोणी कधी एक विडी टाकली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी विजयमाला आईच्या जागेवर कामाला लागली. सातवी शिकलेली. बाजारातल्या लायब्ररीतून ती खुनाची पुस्तकं आणायला लागली आणि कडूबाईला कोणी पिक्चरचं विचारीनासं झालं. जन्माची शेजारीण राहीबाई, तीसुद्धा काल त्या पोरीला म्हणाली, "पुढचं पुस्तक भुताचं आनतीस, का खुनाचंच बरं? तू म्हनशील त्ये."

तू म्हनशील त्ये! हे शब्द कडूबाईच्या हक्काचे होते.

म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत, बाया बाहेर लिंबाखाली बसल्या असताना, तिने पुस्तकाची शेवटची आठ पानं फाडली आणि घडी करून कनवटीला खोचली. कडूबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण शेवट पुस्तकाच्या कुठल्या टोकाला असतो, हे कळायला काही शाळा लागत नाही.

चारच्या सुमाराला पुस्तकातल्या फौजदाराने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. "खुनी याच खोलीत आहे," विजयमालाने वाचलं, पान उलटलं आणि ती गप्प झाली. पुढे नुसता पुठ्ठा होता.

कडूबाईला आतून गुदगुल्या झाल्या. "वाच की गं," ती गोडीत म्हणाली. "का थांबलीस?"

पोरीने पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग बायांकडे पाहिलं. चाळीस जणींचे हात थांबले होते. तिने पुस्तक जरा जवळ ओढलं आणि पुढे वाचायला लागली. फौजदाराने म्हणे बंगल्यातल्या आंधळ्या आत्याच्या वाटेत गुपचूप एक पाट ठेवला. आत्या काठी टेकत आली. पाटापाशी थबकली. आणि अलगद वळसा घालून पुढे गेली!

"आगं बया!" साळूबाईच्या सुपातली तंबाखू सांडली. "म्हंजी रांडंला दिसत हुतं!"

राहीबाई म्हणाली, "असला शेवट आपल्या कडूबाईला जन्मात सांगता आला नसता."

कडूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातही वाईट हे, की आत्या पाटाला वळसा घालत होती तेव्हा तिच्याही अंगावर काटा आला होता.

कारखाना सुटल्यावर तिने पोरीला फाटकाबाहेर गाठलं. कनवटीचे कागद काढून तिच्या तोंडासमोर नाचवले.

"ही बघ पानं. माझ्यापाशी हायेत. मंग तू वाचलंस काय? मनानं रचलंस! उद्या समद्यांम्होरं सांगते, ह्या सटवीनं पुठ्ठा वाचून दाखवला म्हनून."

पानं कोणी फाडली, हे विजयमालाने विचारलंच नाही.

"रचलं, मावशी," ती म्हणाली. "तुमच्याकडनंच शिकले."

"माझ्याकडनं?"

"लढाईच्या सालात म्या आयसंगं हितं येऊन बसायची. तवा तुमी त्यो डाकबंगल्याचा पिक्चर सांगितला. शेवटाला मेलेला चौकीदार हिरीतनं वर येतो, त्यो. आयकून राहवंना, म्हनून म्या आयला घेऊन बघाया गेले. त्या पिक्चरात हीरच न्हाई."

कडूबाईचा हात तसाच वर राहिला. तिने तो पिक्चर बघितला त्या संध्याकाळी लढाईपायी ब्लॅकआउट झाला होता आणि मध्यंतरानंतर खेळ बंद पडला होता. पुढचं तिने बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायांनी "पुढं काय, पुढं काय" म्हणून जीव खाल्ला, तेव्हा ती विहीर तिने जागच्या जागी खोदली होती.

"मंग?" तिने कसंबसं विचारलं. "कुनाकुनाला सांगितलंस?"

"कुनालाच न्हाई. आय लई चिडली हुती," विजयमाला म्हणाली. "पर म्या तिला म्हनलं, मावशी खोटं सांगायच्या न्हाईत, थेटरवाल्यानंच शेवट कापला आसंल."