झिनियाची कुंडी

पत्नी विद्युल्लता गेल्यावर अवधूतरावांना काल्हेरच्या फ्लॅटमध्ये सोबत उरली ती गॅलरीतल्या झिनियाची. ते रोज कुंडीत पाणी घालत, ट्रकांची धूळ बसलेली पानं ओल्या फडक्यानं पुसत आणि चहा घेऊन तिथेच बसत. बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

पण एक दिवस पानं करपू लागली. खत घालून पाहिलं, उन्हाला आडोसा केला, तरी झाड वाळलंच. अवधूतरावांनी घाबरून शेजारच्या तनयाला बोलावलं.

"बघ गं, माझं काय चुकलं? ती असताना हे झाड कधीच मेलं नाही."

तनया हळूच म्हणाली, "काका, तुमचं काही चुकलं नाही. झिनिया एका हंगामापुरतीच जगते."

"छे! आम्ही इथे राहायला आल्यापासून हीच कुंडी, हेच झाड आहे."

"कुंडी तीच हो. काकू दरवेळी सुकलेल्या फुलांचं बी काढून ठेवायच्या आणि नवीन रोप लावायच्या."

अवधूतराव वाळक्या काड्यांकडे बघत राहिले.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "सगळं आपोआपच फुलतं."