पुठ्ठा काढायचा राहिला

फुसाएने या वेळी गुंडाळीतला पुठ्ठा काढलाच नाही. मुद्दाम.

पैलवानाचं नाव पुकारलं की त्याच्या रंगाच्या कागदी फितींच्या गुंडाळ्या रिंगमध्ये भिरकवायच्या, ही इथली रीत. पण आधी आतला पुठ्ठा काढून फीत परत सैल गुंडाळायची. नाहीतर ती दगडासारखी लागते. ओसाकातल्या या हॉलमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फुसाएच्या घरी हे काम नवऱ्याचं, तेइजीचं. जेवण झालं की टीव्हीपुढे बसून पुठ्ठे काढायचा आणि सगळ्या घरभर पसारा केला म्हणून बायकोच्या शिव्या खायचा.

"काकू, पुठ्ठे काढलेत ना?" चाहत्यांच्या मंडळाचा म्होरक्या तोकुमारू प्रत्येकाच्या पिशवीत डोकावत होता. पिवळा अंगरखा, कपाळाला पट्टी. स्वारी सकाळपासून हवेतच होती. "आज आपला कुरोइवा परत येतोय हो! तेइजीकाका असते तर नाचले असते."

"काढलेत," फुसाए म्हणाली. आपला म्हणे!

मागच्या वर्षी याच हॉलमध्ये कुरोइवाने निवृत्ती घेतली. तेव्हा तेइजी इस्पितळात होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. फुसाएचा पाय निघत नव्हता. तेइजीच हट्टाला पेटला. "अगं, जा ना! त्याची निवृत्ती काय रोज रोज होणार आहे? माझ्या वाटचंही रडून ये."

ती आली. निवृत्त होणाऱ्यासाठी शेवटी दहा घंटा वाजवतात. दिवे मंद होतात, सगळे उभे राहतात आणि कोणी चकार शब्द काढत नाही. घंटा वाजत असतानाच तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने तो तसाच पोटाशी दाबून धरला. घंटा चालू असताना फोन कोण घेतं? ती इस्पितळात पोचली तेव्हा नर्स पलंगावरची चादर बदलत होती.

वर्षभर तिने मनाची समजूत घातली. रोज सकाळी त्याच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवायची आणि सांगायची, "त्या घंटा तुमच्यासाठीही होत्या बरं का." तेवढ्यावर ती तग धरून होती. मग स्टेशनावर पोस्टर लागलं: कुरोइवा परत येतोय! ती भर गर्दीत त्या पोस्टरला म्हणाली, "मेल्या, मग मला कशाला बोलावलंस?"

आता नाव पुकारलं गेलं. पिवळ्या फितींनी रिंग झाकून गेली. गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला कुरोइवा माइक घेऊन उभा राहिला.

"मागच्या वर्षीच्या त्या घंटा?" तो हसला. "वाजल्याच नाहीत असं समजा!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. फुसाएने जीव खाऊन हात फिरवला. गुंडाळी सरळ त्याच्या भुवईवर बसली. तो कळवळला, भुवई चोळली, मग खाली पडलेली गुंडाळी उचलून दाबून पाहिली.

"कोण नवखं आलंय रे? पुठ्ठा काढायचा असतो!"

सगळे खो खो हसले. फुसाएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या रागाने मारलं, तर त्याला ते मारणंही कळलं नव्हतं.

कुस्ती संपल्यावर तोकुमारूने तिला जवळजवळ ओढतच बाहेरच्या टेबलाशी नेलं. कुरोइवा तिथे टॉवेलांवर सह्या देत होता. "काकू, मंडळाची अब्रू घालवलीत. आधी माफी मागा."

कुरोइवाने मान वर केली. भुवईवर चांगलंच टेंगूळ आलं होतं. फुसाएला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"अरेच्चा, वहिनी! तुमची होती होय गुंडाळी? तुमच्या घरून कधी पुठ्ठा राहिला नाही. दादा कुठेत?"

"नाही आले."

तोकुमारूने मान खाली घातली.

"का, रुसलेत की काय माझ्यावर? त्यांना म्हणावं, कुरोइवा परत आला, आता तुम्हीही या!"

माफीचे शब्द फुसाएने रांगेत उभ्या उभ्या जुळवले होते, ते कुठल्या कुठे गेले.

"तुम्ही म्हणालात, कायमचा जातो," ती म्हणाली. "आणि ते म्हणाले होते, तू जाऊन ये, तोवर मी कुठे जातोय."