अनेकवचन

“फिनॉमेनन?” खाटेवर पडल्या पडल्या ईश्वर सरांनी विचारलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. डोळे बंदच होते, छातीत घरघर चालू होती.

रिताच्या हातातला पाण्याचा चमचा ओठांपाशी अडला. सकाळपासून वडिलांच्या घशाखाली घोटभर पाणी गेलं नव्हतं. घरी न्या म्हणताना डॉक्टर एवढंच बोलले होते, “घेतील तेवढं पाणी द्या.”

“काय म्हनून राहिले?” आईनं विचारलं.

“शिकवनी घेऊन राहिले. अनेकवचन विचारलं.”

“मंग सांगून टाक ना वो माय. उत्तर भेटल्याबिगर तोंड नाई उघडत ते.”

“फिनॉमिना, बाबा.” रितानं चमचा पुढे केला.

“सगळे,” सर म्हणाले आणि ओठ पुन्हा मिटले.

घरापुढच्या याच छपरीत चटयांवर मुलं दाटीवाटीनं बसायची. ग्रीकमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांचा धडा सरांचा लाडका. “पाहुणे आहेत हे. एस जोडून आपली रीत त्यांच्यावर लादू नका,” असं ते म्हणायचे. एकट्याचं उत्तर त्यांना चालत नसे. सगळ्यांनी उभं राहून एका आवाजात सांगायचं. सर “बसा” म्हणाले की मगच बसायचं.

रितानं आईकडे पाहिलं.

“मले नोको वो. माही जीभ नाई वळत.”

“सैपाकघरातून रोज आयकत आली ना तू?”

“आयकनं अलग, बोलनं अलग.” पण गुडघ्यावर हात टेकून कुंताबाई उठली. तिनं पदर सारखा केला. रिताही उभी राहिली.

“फिनॉमिना.” आईचा शब्द अर्धा तोंडातच राहिला.

सरांची मान किंचित हलली. रिता चमचा घेऊन वाकली.

“मागच्यांचा आवाज?”

मागे भिंत होती. भिंतीशी धानाची पोती, पोत्यांवर दवाखान्यातून परत आणलेली कपड्यांची पिशवी. रिता तिथे गेली, पोत्यांना पाठ लावून उभी राहिली आणि ओरडली. आवाज मध्येच चिरकला. खाटेपाशी आईनंही तोच शब्द म्हटला, या खेपेला पूर्ण.

सरांचे ओठ उघडले.

रिता धावली. तिनं चमचाभर पाणी आत सोडलं. ते आत थोडा वेळ राहिलं, मग ओठांच्या कोपऱ्यातून गालावर आणि गालावरून उशीवर उतरलं. छातीतली घरघर थांबली होती.

रितानं त्यांच्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग ती खाटेला टेकून खाली बसली.

कुंताबाई उभीच होती. दोन्ही हात शरीराशी सरळ, शाळेतल्या मुलीसारखे.

“बस ना, आई.”

“थांब,” ती म्हणाली. “त्यायनं म्हनलं नाई आजून.”