नदीवरची पेटी

पेटी परवापासून गप्प होती, आणि तेव्हापासून क्रांतीचं कामात लक्ष नव्हतं.

कुरुंदवाडला नदीकाठी शेतीपंपांच्या मोटारींच्या शेडजवळ एक खांब आहे. त्यावर तिनं ती पेटी स्वतःच्या हातानं बसवली होती. पाणी खुणेपर्यंत चढलं की पेटीनं सगळ्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर निरोप धाडायचा: पाणी चढतंय, मोटारी वर घ्या. गेल्या साली असं सांगणारं कुणी नव्हतं. मोटार काढायला उशीर झाला आणि तिचे वडील, आण्णा, दोर धरून छातीएवढ्या पाण्यात उतरले. लोकांनी ओढून काढलं म्हणून वाचले. तिनं पेटी बनवायला घेतली ती त्या धसक्यानं.

गावाला तिचं कौतुक बेताचंच. "बसव बाई," पाणीपुरवठा संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले होते, "पर एकदा जरी खोटं बोलली तुझी पेटी, तर परत कोण उठायचं न्हाय. आन् तवाच खरं पाणी आलं, तर मग?" माणूस तोंडानं कडू, पण बोलणं खोटं नव्हतं. त्या 'मग'नं क्रांतीची झोप उडवली होती.

आता पावसाचा जोर होता आणि पेटी रोज तिला एकटीला 'चालू आहे' असं कळवायची, तेही परवापासून येत नव्हतं. आण्णांना फोन केला तर, "पेटी बरी हाय, तिची काळजी करू नगंस," एवढंच उत्तर. म्हणजे चूक प्रोग्राममध्येच असणार. कोल्हापुरातल्या ऑफिसातून सुट्टी मिळेना. शेजारच्या टेबलावरची संयोगिता म्हणाली, "गावाला कशाला जायला पाहिजे? तुझ्या कोड एडिटरमध्येच सिम्युलेटर टाक की. स्क्रीनवर तुझी अख्खी पेटी उभी राहते. तिच्यावर प्रोग्राम चालव, घोडं कुठं पेंड खातंय ते कळेल."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बाजूला सारून क्रांतीनं एडिटरला जोडायच्या एक्स्टेन्शनचं पान उघडलं. नाव शोधलं, इन्स्टॉल दाबलं. रेघ सरकली आणि मध्येच अडली. ऑफिसचं नेट नेमकं गरजेलाच दगा देतं. पुन्हा दाबलं. मग सिम्युलेटरनं लायसन्स मागितलं, ते मिळवलं. मग प्रोग्रामची फाईल सापडत नाही म्हणून ते अडून बसलं. सेटिंगमध्ये फाईलचा पत्ताच चुकीचा होता. बाहेर सर वाढली की ती खिडकीकडं बघायची. शेवटी एकदाची स्क्रीनवर पेटी उमटली. तोच बोर्ड, त्याच तारा, तोच सेन्सर, आणि बाजूला पाण्याची पातळी वरखाली करायला एक स्लायडर.

तिनं स्लायडर हळूच ओढला. पाणी खुणेला लागलं. लाल दिवा पेटला आणि खाली अक्षरं उमटली: निरोप पाठवला.

"प्रोग्राम ठणठणीत आहे!" ती जवळजवळ ओरडलीच.

तेवढ्यात टेबलावरचा तिचा मोबाईल वाजला. यादीत तिचाही नंबर होता. 'पाणी चढतंय. मोटारी वर घ्या.'

क्षणभर तिला काही उमगेना. मग लक्षात आलं. स्क्रीनवरची पेटी खोटी होती, पण तिला मिळालेलं इंटरनेट खरं होतं. आणि प्रोग्राममधले नंबर? तेही खरे, अख्ख्या गावाचे. चाचणीआधी ते काढायचे असतात, हे शेंबड्या पोराला कळतं. घाईत तिच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

आण्णांचा फोन लागेना. हंबीररावांचा वाजून वाजून बंद झाला. संस्थेच्या ग्रुपवर तिनं 'निरोप चुकून गेला' असं लिहिलं, पण दोर ओढणारे हात मोबाईल कशाला बघतील? निसरडा काठ तिच्या डोळ्यांपुढं आला. आण्णांचा पाय घसरला तर? आणि नाही घसरला, तरी पेटीचा शब्द आज गेलाच. 'पेटी बिघडली' म्हणून मोकळं व्हावं, असंही एकदा मनात आलं. तिची तिलाच लाज वाटली.

शेवटी आण्णांनी फोन उचलला तेव्हा मागं सगळा आरडाओरडा चालला होता.

"आण्णा, पाणी चढलेलं न्हाय! थांबवा सगळ्यांस्नी. पेटीची काय चूक न्हाय, माझी हाय. मी हितं कॉम्प्युटरवर तपासत हुते, त्यातनं निरोप गेला."

"आता गं?" आण्णा ओरडले. "समद्यांच्या मोटारी वर आल्या की! ऱ्हाऊ देत, पावसाचं दिस हायत, वरच बऱ्या."

"कुणाला लागलं न्हाय न्हवं?"

"कुणाला काय न्हाय. चिखल लागलाय तेवढा."

क्रांतीनं हळूच विचारलं, "आण्णा, आता माझ्या पेटीवर कोण इश्वास ठेवंल?"

"पेटी?" आण्णा जरा घुटमळले. "रागावू नगंस. ती परवापास्नं आपल्या फडताळात हाय. पाऊस लय लागलाय, भिजंल म्हणून मीच तारा सोडवून काढून आणली."

पूर सांगणारी पेटी पावसात भिजेल म्हणून घरात! हसावं की रडावं, तिला कळेना. परवापासूनच्या त्या गप्प राहण्याचं कारण हे होतं तर.

"मग निरोप आल्यावर तुमच्या ध्यानात आलं न्हाय व्हय? पेटी फडताळात असताना नदीचं पाणी तिला दिसंल कसं?"

"आलं की. समद्यांस्नी सांगितलं बी, की पेटी माझ्या घरात हाय म्हणून. तर दोर खांद्यावर टाकून हंबीरराव म्हणला, पेटी घरात हाय, म्हंजी ह्यो निरोप पोरीनं सोता धाडलाय. पेटी एकवेळ खोटं बोलंल, क्रांती बोलायची न्हाय. उठा!"