खोक्यातली मावशी

“ही हाडं तुमच्याशी कधी बोलली का हो?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून टालियानं विचारलं आणि मागे सगळ्याजणी फिसकन हसल्या.

कोरड्या सरोवराच्या वाळूत सापडलेली, चाळीस हजार वर्षांपूर्वीची ती बाई शहरातल्या संग्रहालयातून नुकतीच आपल्या माणसांत, टालियाच्या आदिवासी जमातीत, परत आली होती. खोक्यापाशी उभे असलेले म्हातारे संशोधक हसले नाहीत. “वय सांगितलं, दुखणं सांगितलं, काय खायची तेही सांगितलं. पण बोलली नाही. माझ्याशी कशाला बोलेल? तू तिच्या रक्ताची.”

“जा की, विचार मावशीची खुशाली!” मैत्रिणींतल्या ब्रीनं तिला ढकललं.

टालिया ऐटीत खोक्यावर वाकली. “काय मावशी, कशी आहेस?” तिनं इंग्रजीत विचारलं, आणि ती तशीच वाकलेली राहिली.

संध्याकाळी कांगारूच्या शेपटीचा रस्सा तिच्या ताटलीत निवून गेला.

“आई, बाबा, मी शहरातल्या शाळेत जाणार नाही. आजोबांकडे राहून आपली भाषा शिकणार आहे.”

“आता? बॅगा भरून झाल्या, बये!” आई म्हणाली.

“मावशीनं मला काहीतरी विचारलंय. मला कळलंच नाही.”