पासवर्डचा भुगा

"तुमच्या चाळीस हजार ग्राहकांचे पासवर्ड आमच्याकडे आहेत. पैसे पाठवा, नाहीतर जगजाहीर करू," असं फोनवरून कुणीतरी धमकावलं आणि खेळण्यांचं दुकान चालवणाऱ्या मामांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानाची वेबसाइट बनवणारी भाची शेजारीच बसली होती. "लोक पासवर्ड विसरतात, आपल्याला दिसला तर सांगता येईल," म्हणून मामा वर्षभर तिच्या मागे लागले होते. तिनं ऐकलं नव्हतं. प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी अक्षरं मिसळून तिनं त्याचा असा भुगा करून ठेवला होता, की तिलाही पुन्हा जोडता येऊ नये. तिनं फोन घेतला. "माझाही पासवर्ड त्यात आहे. तेवढा वाचून दाखवा." पलीकडून फोन कट झाला. मामा खदखदून हसले. "पण ग्राहकांचा आकडा त्यानं अचूक सांगितला, म्हणजे भुगा चोरीला गेलाच आहे," ती म्हणाली. "सोपे पासवर्ड अंदाज करत करत शोधता येतात. आत्ताच सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगू."